शाळेची परसबाग: आधी पातेलं, मग वाफा

पहिली ते पाचवीच्या मुलाच्या दुपारच्या ताटात रोज ५० ग्रॅम भाजी असावी, सहावी ते आठवीच्या मुलाच्या ताटात ७५ ग्रॅम. शालेय पोषण आहाराचा हा ठरलेला हिशेब. तांदूळ पोत्यातून येतो, डाळ-कडधान्य पाकिटातून येतं, तेलाचा डबा येतो. भाजी मात्र कुणीतरी जाऊन आणावी लागते. आठवडी बाजार सोमवारी असेल, तर शुक्रवारपर्यंत पातेल्यात दोन बटाटे आणि एखादा सुरकुतलेला टोमॅटो उरतो. पन्नास ग्रॅम म्हणजे निवडलेल्या मेथीची एक चांगली मूठ. ती मूठ शाळेच्या आवारात पिकवता येते, आणि पिकवता पिकवता मुलं शेतीही शिकतात.

मी माणदेशातल्या एका जिल्हा परिषद शाळेत अकरा वर्षं परसबाग सांभाळली. पहिल्या दोन वर्षांत ती दोनदा वाळून गेली. कारण मी सुरुवात वाफ्यापासून केली होती: जागा दिसली, कुदळ घेतली, बाजारातून बियांची पाकिटं आणली. तिसऱ्या वर्षी उलटीकडून सुरुवात केली, पातेल्यापासून. तेव्हापासून बाग टिकली. नव्याने रुजू झालेले शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक आणि गावच्या शाळेसाठी काही करू पाहणारी कॉलेजची मुलं-मुली यांच्यासाठी तोच क्रम इथे मांडतो.

पातेल्यात डोकावून बघा

पहिला आठवडा कुदळीला हात लावू नका. रोज जेवणाच्या सुट्टीत स्वयंपाकघरात जा आणि आज भाजी किती पडली ते वहीत लिहा. साठ मुलांची प्राथमिक शाळा असेल, तर रोज तीन किलो भाजी लागते. वर्षाचे साधारण दोनशे दिवस धरले, तर सहाशे किलो. पालकाचं चांगलं पीक एका चौरस मीटरला हंगामात किलोभर येतं. म्हणजे तीस चौरस मीटरच्या बागेतून शाळेची सगळी भाजी निघणार नाही, हे आधीच कळतं. ते कळणं फार महत्त्वाचं आहे. पहिल्या वर्षाचं ध्येय एवढंच ठेवा: आठवड्यातून दोनदा आपल्या वाफ्यातली ताजी पालेभाजी पातेल्यात पडली पाहिजे.

मग मदतनीस मावशींशी बोला. शाळेच्या बागेतला सर्वांत मोठा जाणकार माणूस त्याच असतात, आणि त्यांनाच कुणी विचारत नाही. सकाळी किती वाजता चूल पेटते, निवडायला-चिरायला किती वेळ मिळतो, मुलं ताटातून काय बाजूला काढतात, हे सगळं त्यांना पाठ असतं. मी पहिल्या वर्षी हौसेने वांगी लावली होती. वांगी भरपूर आली. चौथ्या दिवशी मावशी म्हणाल्या, "सर, वांगं पोरं कडेला सारत्यात. त्यापरीस शेवगा लावा, पाला आमटीत जातो, शेंगा बी खात्यात." त्या वर्षी लावलेला शेवगा आजही उभा आहे.

मावशींना वेळ कमी पडत असेल, तर पालेभाजी निवडायचं काम मोठ्या वर्गातल्या मुलांच्या दोन गटांनी परिपाठाआधी करावं. आधी साबणाने हात धुवायचे, नखं बघायची, मग बसायचं.

तीन माणसं, एक ठराव

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. ही समिती कागदापुरती नसते. मासिक सभेत परसबागेचा विषय घ्या, ठराव लिहा आणि त्यात तीन नावं घाला: पाणी कोण बघणार, सुट्टीत बाग कोण बघणार, बी-बियाणं कोण सांभाळणार. ही तीन नावं नसलेला ठराव मी दोनदा केला होता, म्हणून सांगतो.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये शाळांतल्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत. तेव्हा "हे आमच्या कामात बसत नाही" असं कुणी म्हणालं, तर शांतपणे त्या पुढे ठेवा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने (२०१३) शाळेतलं जेवण हा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा हक्क झाला आहे. बाग त्या हक्काला हातभार लावते. त्या हक्काची जागा मात्र तिने घ्यायची नाही. बागेत भाजी आली म्हणून भाजीचा खर्च थांबवा असं कुणी सुचवलं, तर ठाम नाही म्हणा.

गावातल्या तरुणांना कसं आणायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. भाषणाला बोलावू नका. काम सांगा, तेही नेमकं आणि एका दिवसात संपणारं. "रविवारी सकाळी आठ ते अकरा, कुंपणाला बारा खांब रोवायचे आहेत, पहार घेऊन या" असा निरोप तरुण मंडळाच्या ग्रुपवर टाकला की सहा-सात जण येतात. "शाळेच्या विकासासाठी सहकार्य करा" म्हटलं की कुणी येत नाही. ठिबकच्या उरलेल्या नळ्या, ड्रिल, ट्रॅक्टरची एक फेरी शेणखत या गोष्टी त्यांच्याकडे असतात. कुंपणाला आलेल्यांपैकी दोघे पुढे दर पावसाळ्यात येत राहिले. एक मुलगा डिप्लोमा करून घरी बसला होता. त्याने शाळेच्या बागेत मुलांसोबत रोपं तयार करायला सुरुवात केली, आणि आता तो गावात भाजीची रोपं विकतो.

हाताने करत शिकण्याची ही वाट आपल्याकडे जुनी आहे. १९३७ साली गांधीजींनी वर्ध्यात नई तालीम मांडली. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलं गुरं चारायला जात त्या कुरणातच शाळा नेली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं शेती, वर्कशॉप, स्वयंपाक सगळं करून शिकतात. जमलं तर पाबळला एकदा जाऊन या.

पाणी आणि कुंपण, मग बाकीचं

जागा निवडताना सकाळपासून किमान सहा तास ऊन लागलं पाहिजे एवढं बघा. पाण्याची मोरी जिथे वाहते त्याच्या उताराला जागा मिळाली तर उत्तम.

पाण्याचा हिशेब मुलांकडूनच करून घ्या. आपल्याकडच्या उन्हाळी हवेत एका चौरस मीटर वाफ्याला दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागतं, हिवाळ्यात तीनेक लिटर. तीस चौरस मीटरला हिवाळ्यात नव्वद लिटर. आता साठ मुलं जेवणाआधी हात धुतात, जेवल्यावर ताटं धुतात. माणशी दोन लिटर धरले तर १२० लिटर पाणी रोज आवाराबाहेर वाहून जातं. तेवढ्यात ही सगळी बाग भिजते. आमच्या सातवीच्या मुलांनी बादल्या लावून हे मोजलं तेव्हा आकडा फळ्यावर लिहून सगळे गप्प बसले होते. गावात उन्हाळ्यात टँकर येतो, हे त्यांना ठाऊक होतं.

हे पाणी वापरायची रीत सोपी आहे. मोरीच्या तोंडाशी जाळी लावा, शितं अडतील. पुढे हातभर खोल खड्डा घेऊन तळाला दगडगोटे, वर खडी, वर वाळू भरा आणि कडेने कर्दळ लावा. तिथून पाणी चरीने झाडांच्या मुळाशी न्या. साबणाचं पाणी शेवगा, केळी, पपई, दुधी यांना चालतं. कोथिंबीर, मुळा, टोमॅटो अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना नळाचं किंवा बोअरचं पाणीच द्या.

कुंपण नसेल तर बी पेरूच नका. शेळी एका दुपारी महिन्याची मेहनत संपवते, आणि कोंबड्या पेरलेलं बी उकरून खातात. तारेचं कुंपण परवडत नसेल तर बोरीच्या काटेरी बोराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या लावा. द्राक्षबागेतली जुनी जाळी मागून आणा. आतल्या बाजूने शेवग्याच्या फांद्या आणि वालाचे वेल लावले की दोन वर्षांत कुंपण हिरवं होतं.

मातीचं काम

शाळेच्या आवारातली माती बहुतेक वेळा माती नसतेच. बांधकामाचा राडा, मुरूम, चुन्याचे खडे, काचा. फूटभर खोल खणा, सगळं चाळून काढा. काचा मोठ्यांनी वेचायच्या, मुलांनी नाही. मग दोन भाग शेतातली पोयटा माती आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत भरा. ओलं शेण घालू नका. त्याने हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी येते, मुळंही करपतात.

वाफ्याची रुंदी कागदावर ठरवू नका. दुसरीतल्या एका मुलीला कडेला उकिडवं बसवा आणि हात लांब करायला सांगा. तिचा हात जिथे पोचतो तो वाफ्याचा मध्य. आमच्याकडे ते अंतर पंचेचाळीस सेंटिमीटर भरलं, म्हणून वाफे नव्वद सेंटिमीटरचे केले. त्यामुळे कुणालाही वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही आणि माती भुसभुशीत राहते. लांबी तीन मीटर, दोन वाफ्यांत चालायला दीड फूट. कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस फार, तिथे गादीवाफे वीतभर उंच करा. आमच्यासारख्या कोरड्या भागात उलट, वाफे जमिनीच्या पातळीला किंवा किंचित खोलगट ठेवा, म्हणजे पडलेला थेंब आत राहील.

पहिल्या वर्षी चार वाफे पुरे. खरोखर पुरे.

खताचा खड्डा बागेच्या कोपऱ्यात. भाजीची देठं, साली, झाडलोटीचा पाला, मधूनमधून शेणकाला. एक थर ओला, दोन थर सुका. आठ-पंधरा दिवसांनी वरखाली केलं तर तीन महिन्यांत खत होतं. मुलांनी खड्ड्यात हात खुपसून गरम लागतंय का ते बघावं. जिवाणू काम करतात म्हणजे काय, हे पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं. जीवामृत (शेण-गोमूत्राचं पातळ खत) करायचं असेल तर वीस लिटरच्या बादलीचं प्रमाण असं: एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. ते झाडाच्या बुडाशी द्या, तोडायला आलेल्या पालेभाजीवर शिंपडू नका, आणि नंतर सगळ्यांनी हात धुवा. माझा अनुभव विचाराल तर चांगलं कुजलेलं खत वेळेवर मिळालं, तर शाळेच्या बागेला तेवढ्याने भागतं.

मातीचा नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या. पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा घेऊन, कडेची माती खरवडून एकत्र करायची, त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची. हे काम सहावी-सातवीची मुलं उत्तम करतात.

काय लावायचं आणि कधी

शेतीचं वेळापत्रक नक्षत्रांवर चालतं, शाळेचं सुट्ट्यांवर. बागेला दोन्ही सांभाळावी लागतात. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं, म्हणजे जुळतं. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, तिथे मृगानंतरचं आर्द्रा नक्षत्र धरा.

जूनमध्ये भेंडी, गवार, चवळी, वाल, दुधी, घोसाळी, अंबाडी आणि माठ. माठ आणि राजगिरा पंचवीस-तीस दिवसांत तोडायला येतो. मुलांचा धीर टिकवायचा असेल तर तो पहिला पेरा. चवळी आणि भेंडी दीड महिन्याने सुरू होते. चवळी, वाल, गवार यांची मुळं हळूच उपटून मुलांना दाखवा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडली की आत गुलाबी दिसतं. हवेतलं नत्र जमिनीत साठवणारे जिवाणू तिथे राहतात. कडधान्यानंतर पालेभाजी का घ्यायची, हे त्या गुलाबी ठिपक्यावरून मुलं वर्षभर लक्षात ठेवतात.

दसऱ्याच्या सुमाराला मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, गाजर. मेथी महिन्यात, पालक पाच आठवड्यांत, मुळा सहा आठवड्यांत. इथे दिवाळीच्या सुट्टीचा हिशेब महत्त्वाचा. मेथी दसऱ्याआधी पेरली तर नेमकी सुट्टीत तोडायला येते आणि फुलावर जाते. ती अशी पेरा की सुट्टीत रोपं बोटभर असतील आणि शाळा उघडल्यावर पंधरा दिवसांत पातेल्यात जातील. एकदम सगळी पेरू नका. दर दहा दिवसांनी एकेक वाफा.

कोथिंबीर उगवत नाही अशी तक्रार नवे लोक हमखास करतात. धणा म्हणजे दोन बिया एकत्र असतात. चपलेने किंवा लाटण्याने हलकेच रगडून त्याचे दोन भाग करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. तरी उगवायला आठ-दहा दिवस लागतात.

कायमची झाडं कडेने: शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई. शेवगा भिंतीपासून आणि खेळण्याच्या जागेपासून लांब, कारण त्याची फांदी काडीसारखी मोडते आणि मुलं चढायला जातात. शेंगांचा बहर संपला की दरवर्षी तो छातीइतक्या उंचीवर छाटा, पाला हाताशी येतो.

पावसाळ्यात न पेरता आलेल्या भाज्याही विसरू नका. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, टाकळा, डोंगरी भागात करटोली आणि भारंगी. शाळेच्या पातेल्यात मात्र तीच रानभाजी घाला, जी मावशी आणि गावातल्या दोन जाणत्या बायका एकमताने ओळखतात. शेवळासारखी भाजी नीट शिजवली नाही तर घशाला खाजते. ती शाळेत नको.

शहरातल्या शाळेला आवार नसेल तर गच्चीवर ड्रम आणि गोण्या. ओली माती फार जड असते, म्हणून आधी इंजिनियरला विचारा आणि कुंड्या मधोमध न ठेवता खांब-तुळईंच्या रेषेवर ठेवा.

ताटापर्यंत

आता या सगळ्याचा गाभा. तोडलेली भाजी त्याच दिवशी, मुलांच्या डोळ्यांसमोर, पातेल्यात गेली पाहिजे.

आमच्याकडे स्वयंपाकघराच्या चौकटीला एक काट्याचा वजनकाटा टांगलेला होता आणि त्याखाली खिळ्याला एक वही. भाजी तोडली की पहिल्यांदा काट्याला. पहिल्या पालकाच्या दिवशी चौथीतल्या मुलीने पिशवी अडकवली, काटा हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून उभी राहिली आणि मोठ्याने वाचलं, "एक किलो चारशे!" वहीत तिने लिहिलं: पालक, वाफा दोन, १ किलो ४०० ग्रॅम, ५८ मुलं. मग मी काही न सांगताच तिने खाली भागाकार केला. माणशी २४ ग्रॅम. "अजून निम्मापण नाही झाला," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पाचवीची मुलं विचारत आली की आपला वाफा वाढवता येईल का. त्या दुपारी आमटीतला पालक कुणी कडेला सारला नाही.

या वहीतून सगळे विषय निघतात. वाफ्याचं क्षेत्रफळ, रोपांतलं अंतर, सरासरी, आलेख. मराठीच्या तासाला बागेची रोजनिशी. परिसर अभ्यासाला कीटकांची नोंद. वेगळा 'बागेचा तास' ठेवलात तर परीक्षा आली की तो पहिला कापला जातो. गणिताच्या तासात बाग असली की टिकते.

काही पथ्यं मात्र कडक पाळा. बागकाम ही शिक्षा नाही. गृहपाठ केला नाही म्हणून पाणी घालायला पाठवलेलं मूल आयुष्यभर मातीला शिक्षाच समजेल. दिवसाला वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि दुपारच्या उन्हात नाही. खणणं मुलग्यांनी आणि निवडणं मुलींनी, अशी वाटणी आपोआप होते, ती मोडायची. कुदळ, विळा मोठ्यांच्या हातात. विकायला भाजी नाही, निदान पहिली तीन वर्षं नाही.

आणि दुधी चिरल्यावर कच्ची कापटी जिभेला लावून बघायची सवय मावशींना सांगा. कडू लागला तर सगळा फेकून द्यायचा. कडू दुधी विषारी असतो, शिजवूनही ते विष जात नाही.

औषध नको

आपल्याकडे कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. "रानात औषध मारलंय" हे वाक्य मुलं रोज ऐकतात. शाळेच्या बागेत पहिल्याच दिवशी सांगा की ते विष आहे. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं गेली; तेलात मोनोक्रोटोफॉस मिसळलेलं होतं. म्हणून नियम एकच: कीटकनाशक, त्याचा पंप, त्याचा रिकामा डबा यांतलं काहीही शाळेच्या आवारात येणार नाही. पाणी घालायला घरून आणलेला डबा कसला आहे, हे रोज बघा. आमच्याकडे एका मुलाने खरोखरच तसला डबा धुऊन आणला होता. त्याच्या घरी त्यात रॉकेल ठेवत.

मग कीड आली तर? मावा (शेंड्यांचा रस शोषणारी बारीक कीड) चवळीवर येतोच. शेंडे खुडून टाका, सकाळी दव असताना राख भुरभुरा. त्याने भागलं नाही तर निंबोळी अर्क: एका लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीचा गर कुटून रात्रभर भिजवायचा, सकाळी गाळून फवारायचा, भाजी तोडायला आठवडा असताना. निंबोळ्या जून-जुलैत मुलांनीच वेचून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. दहा झाडांच्या पानांचा दशपर्णी अर्क मुलांकडून करून घेऊ नका. त्यात रुई, कण्हेर अशी विषारी पानं असतात. आणि मावा दिसला की आधी दोन दिवस थांबा. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे येतात आणि माव्याचा फडशा पाडतात. भिंगातून हे बघायला मुलं रांग लावतात.

आजीचं गाडगं

दुसऱ्या वर्षापासून बी विकत घेणं कमी करा. मुलांना गृहपाठ द्या: घरात, शेजारी, आजोळी कुणाकडे जुनं बी आहे का ते विचारा. एका मुलाची आजी स्वतः आली. पदराच्या गाठीत चिंधी, चिंधीत राख, राखेत वालाच्या अकरा बिया. तपकिरी, पांढऱ्या डोळ्याच्या. "माझ्या सासूच्या हातच्या हायत्या. निम्म्याच लाव, गुरुजी, निम्म्या ठिव," म्हणाल्या. पाऊस दगा देईल म्हणून निम्मं बी मागे ठेवायचं, ही अन्न सुरक्षेची माझ्या माहितीतली सगळ्यात नेमकी व्याख्या आहे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच घरोघरची देशी बियाणी जमवून बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांना त्यांच्याबद्दल जरूर सांगा.

बी धरायची रीत: वेलावरचं सगळ्यात सुदृढ फळ पहिल्या बहरातलं निवडा, त्याला रंगीत दोरी बांधा म्हणजे कुणी तोडणार नाही. दुधी वेलावरच वाळू द्या. वाल, चवळी शेंगेतच कडकडीत वाळू द्या. मग सावलीत वाळवून राख किंवा कडुलिंबाचा पाला घालून काचेच्या बरणीत ठेवा. चिठ्ठीवर भाजी, वर्ष आणि बी दिलेल्या माणसाचं नाव. दुधीचे दोन वाण शेजारी लावू नका, मधमाश्या परागकण मिसळतात. हायब्रीड पाकिटाचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या वर्षी झाड तसं येत नाही.

बी आणायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना वर्गात बसवा आणि बहात्तरचा दुष्काळ विचारा. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, कोणता पाला शिजवून खाल्ला. आमच्या मुलांनी अशा नऊ पाल्यांची नावं लिहून काढली. त्यातले सहा शाळेच्या मागच्या ओढ्यात अजून उगवतात.

मे महिना

शाळेच्या बागा मरतात त्या मे महिन्यात. पाच-सहा आठवडे शाळा बंद, विहीर तळाला, शेळ्या मोकळ्या. पाणी असेल तर शाळेजवळच्या दोन कुटुंबांशी साधा करार करा: सुट्टीत पाणी घाला, येईल ती भाजी तुमची. तोंडी नको, समितीच्या वहीत.

पाणी नसेल तर मन घट्ट करून भाजीचे वाफे एप्रिलअखेर मिटवा. शेवटची तोडणी, बी काढणं, मग वाफ्यावर चार बोटं पालापाचोळा पसरून ठेवायचा. फक्त कायमची झाडं जगवायची. प्रत्येक झाडाच्या बुडाशी तळाला बारीक भोक पाडलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भोकात सुती वात घाला, वर झाकण. भरलेलं मडकं चार-पाच दिवस झाड ओलं ठेवतं. आमच्या बारा झाडांना आठवड्यातून दोनदा पाणी देणं एकाच घराला जमलं.

घरी आणि गावात

पहिली बाग नीट चालली की पावसाळ्याच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाला एक शेवग्याचं रोप आणि वालाच्या पाच बिया घरी द्या. पिशवीत रोप मुलानेच वाढवलेलं असावं. दुसऱ्याने दिलेलं रोप कुणी जपत नाही. दिवाळीनंतर मुलं घरोघर जाऊन किती जगली ते मोजतील. आमच्याकडे पहिल्या वर्षी एकावन्नपैकी एकोणीस जगली. दुसऱ्या वर्षी कुणाच्या मोरीला पाणी आहे ते आधी विचारलं आणि तेवढ्याच घरी रोपं दिली. सत्तावीसपैकी तेवीस जगली.

मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या त्या शेवग्यांमुळे आमच्या वाडीतल्या बायका शाळेत बी मागायला येऊ लागल्या. अशा वेळी बरणी त्यांच्यासमोर उघडा आणि बी मुलांच्या हातून द्या.

बदली व्हायच्या आधी

शिक्षकाची बदली होते आणि बाग जाते, हे मी तीन शाळांत बघितलं आहे. म्हणून बदलीची ऑर्डर यायची वाट न बघता, दुसऱ्याच वर्षी एक वही करून ठेवा. बागेचा हाताने काढलेला नकाशा. कोणता वाफा कधी पेरला. बियांच्या बरण्या कोणत्या कपाटात. सुट्टीत पाणी घालणाऱ्या घरांची नावं. शेणखत कोण देतं आणि त्या बदल्यात त्यांच्या मुलीच्या लग्नात शाळेच्या सतरंज्या न्यायला द्यायच्या आहेत. मावशींना काय चालतं, काय चालत नाही. पाण्याच्या मोटरचा स्टार्टर कुणाच्या भिंतीवर आहे आणि वीज कोणत्या आठवड्यात रात्री येते. ही वही फक्त तुमच्याकडे नको, समितीच्या अध्यक्षांकडे हवी, आणि तिची दुसरी प्रत सातवीच्या वर्गात खिळ्याला.